कंपनीचा गूळ

आमच्या दोन खोल्यांत सकाळ व्हायची ती नानांच्या खाकरण्याने. कारखान्याचा भोंगा, नळाला आलेलं पाणी, शेजारच्यांचा रेडिओ, सगळं नंतर. आधी मोरीतून तो आवाज यायचा. घशाच्या तळाशी काहीतरी चिकटलंय आणि ते ओढून काढायचंय अशी एक लांबलचक खरवड, मग थांबणं, मग पुन्हा. मी गोधडी कानांवर ओढून घ्यायचे. माझा धाकटा भाऊ बाळू त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायचा आणि आईकडून पाठीत धपाटा खायचा. पुष्कळ लोक लहानपणाविषयी लिहायला बसले की जात्यावरच्या ओव्या आणि देवळातल्या घंटा सांगतात. माझ्या लहानपणाला खाकरण्याची साथ होती. वाचताना कुणाला कसंतरी होत असेल तर होऊ द्या, मलाही व्हायचं.

आम्ही पाथर्डीकडून नगरला आलो आणि नागापूरच्या कारखान्यांच्या मागे राहिलो. नाना, म्हणजे माझे वडील, एका फाउंड्रीत कामाला होते. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, निवल्यावर साचा फोडतात, आणि आतून जो नग निघतो त्याला चिकटलेली वाळू हातोडीने ठोकून आणि ग्राइंडरने घासून काढतात. हे शेवटचं काम नानांचं. पत्र्याची लांब शेड, खिडक्या वरती, आणि आत दहा-बारा माणसं दिवसभर वाळू उडवत बसलेली. नाना घरी यायचे तेव्हा भुवया, कानांच्या पाळ्या, पापण्यांचे केस, सगळं राखाडी. तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं की त्याच्याखाली तेवढीच त्यांची खरी कातडी दिसायची, आणि तिच्यावरही नाकपुड्यांपाशी दोन काळे डाग. ते मोरीत अंग धुवायचे आणि पाणी वाहून गेल्यावर कोपऱ्यात बारीक वाळू उरायची. आई ती गोळा करून डब्यात भरायची आणि भांडी घासायला वापरायची. भांडी लख्ख निघायची. फुकट हाती आलेलं काही टाकायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा होता.

फुकट हाती येणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे गूळ. पाळी सुटताना फाटकापाशी मुकादम ढेप घेऊन बसायचा. छिन्नीने ती फोडायची आणि धुळीच्या खात्यातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा ठेवायचा, प्रसाद ठेवतात तसा. ऑफिसातल्यांना तो मिळत नसे, त्यामुळे त्यात थोडा मानही होता. समजूत अशी की गूळ चिकट असतो, छातीत बसलेली धूळ तो धरून ठेवतो, खाली पोटात नेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर पडते. मळणीवर राबणारे, पोती वाहणारे, कापूस पिंजणारे, सगळेच हे मानत. मुकादम मानत होता, मालकही मानत असेल. नाकाला बांधायला धड कापड त्या कंपनीने कधी दिलं नाही, पण गूळ एक दिवस चुकवला नाही. या औदार्याची आजही मला शिसारी येते.

नाना तो खडा खात नसत. रुमालाच्या कोपऱ्यात बांधून आमच्यासाठी आणत. मी आणि बाळू दारातच त्यांच्या खिशात हात घालायचो. खड्यावर काळ्या बोटांचे ठसे असायचे आणि चावला की दातांखाली कचकच लागायची. आम्हाला वाटायचं, कंपनीचा गूळ असाच असतो. उरला तर आई त्याचा चहा करायची, शेंगदाण्याच्या कुटात घालून लाडू वळायची. शेजारणी विचारायच्या तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात सांगायची की आमच्यात गूळ विकत आणायची वेळच येत नाही. तीन-चार वर्षं आम्ही तो गूळ खाल्ला. आज संक्रांतीला सून गुळाची पोळी वाढते तेव्हा मी डॉक्टरांनी साखर बंद केल्याचं सांगते. मला मधुमेह नाही.

मग नाना सायकलवरून उतरून चालत यायला लागले. आधी फक्त वाऱ्याच्या उलट दिशेला, मग रोजच. सायकलीवर हात टेकून मध्येच उभे राहायचे आणि कुणी पाहिलं तर चेन बघितल्यासारखं करायचे. खोकला सकाळचा होता तो दिवसाचा झाला. एकदा जेवताना त्यांना असा ठसका लागला की भाताची शितं ताटाबाहेर उडाली, आणि आईने हातातलं उलथनं खाली ठेवून विचारलं, रोजचा गूळ खाता ना? नाना पाणी पीत राहिले. बाळू भाबडेपणाने म्हणाला, "गूळ आमी खातो."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाळूकडे नाही, मी मोठी म्हणून माझ्याकडे. मग म्हणाली, "बापाचं औषध खाल्लंत तुमी."

हे वाक्य मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मी नववीत होते, बावळट नव्हते, पण आई खोटं बोलेल असं वाटण्याचंही ते वय नव्हतं. त्या दिवसापासून नाना खोकले की मला दातांखालची ती कचकच आठवायची. मी खाल्लेला एकेक खडा म्हणजे त्यांच्या छातीत राहून गेलेली एकेक मूठ वाळू, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला. आई आता त्यांना दारातच उभं करून खडा तोंडात टाकायला लावायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. खोकला काही हटला नाही. मला वाटे, मागचा गूळ आम्ही खाल्ला, त्याची भरपाई व्हायला वेळ लागणार.

वस्तीत एक डॉक्टर होते. त्यांनी नानांची छाती तपासली, फोटो काढून आणायला लावला, तो खिडकीकडे धरून पाहिला आणि क्षय असल्याचं सांगितलं. काम काय करता, हे विचारायला त्यांना फुरसत नव्हती. रांग मोठी होती. रोज सुई, मूठभर गोळ्या, त्यांनी लघवी केशरी. आणि खालच्या आवाजात आईला सूचना, की पोरांना जपा.

आईने जपलं. त्याच संध्याकाळी नानांच्या ताटाच्या काठावर तिने खिळ्याने फुली मारली. तांब्या वेगळा, वाटी वेगळी, अंथरूण दाराबाहेरच्या ओट्यावर. धोतर-सदरा उकळत्या पाण्यात. लोकांना सांगायचं की नानांना आत उकडतं. तोपर्यंत मी नानांच्या ताटात जेवत होते, माझ्या वयाच्या मुलीने हे करू नये असं आई म्हणायची तरी. भाकरीचा शेवटचा पापुद्रा कालवणात बुडवून ते माझ्यासाठी ठेवायचे. ते एका दिवसात बंद झालं. कामावर मात्र नाना जात राहिले, कारण क्षय झालाय हे कंपनीला कळून चालणार नव्हतं. दिवसभर वाळू ओढायची, संध्याकाळी क्षयाच्या गोळ्या घ्यायच्या, वर गुळाचा खडा. आता हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

त्यांच्या उशाशी डालड्याचा एक रिकामा डबा असायचा, तळाला चुलीतली राख घातलेला. तो रिकामा करण्याचं काम माझ्याकडे आलं. बेडका, त्यातले करडे धागे, वर घोंगावणाऱ्या माशा, आणि शिळ्या, गोडसर लोखंडासारखा तो वास. मी डबा हात लांब करून धरायचे, ओढणी नाकाला लावायचे आणि तरीही नाल्याच्या कडेला मला उमासे यायचे. फुलीचं ताट मी दोन बोटांनी उचलायचे. मला त्यांची किळस येत होती. दया, माया, सगळं होतं, पण वर तरंगत होती ती किळस, आणि त्या किळसेखाली अपराध होता, कारण हे सगळं माझ्या गूळ खाण्याने झालं होतं. एका सकाळी मी नाल्यावर ओकले आणि मागे वळून पाहिलं, तर नाना ओट्यावर उठून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून डबा त्यांनी स्वतः न्यायला सुरुवात केली. नाला शंभर पावलांवर होता. ते तिथपर्यंत तीन वेळा थांबायचे.

गंमत बघा, पुढे मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाले आणि तीस वर्षं परक्यांच्या थुंकीच्या काचपट्ट्या तपासल्या. सकाळी दारात डब्या घेऊन माणसं उभी असायची. पिवळी, हिरवी, रक्ताची रेघ असलेली, सगळ्या प्रकारची थुंकी मी सळईने पसरवली, रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यानंतर हात धुऊन डबाही खाल्ला. एकदाही मळमळलं नाही. सोबतचे म्हणायचे, बाईंचं काळीज घट्ट आहे.

दहावीच्या वर्षी विज्ञानाच्या बाईंनी श्वसनाचा धडा शिकवायला बोकडाचं फुफ्फुस आणलं. खाटकाकडून थेट, स्टीलच्या डब्यात. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते ठेवलं तेव्हा पुढच्या बाकांवरच्या मुली मागे पळाल्या. मी जागची हलले नाही. गुलाबी, ओलसर, मऊ. बाईंनी त्याच्या नळीत रबरी नळी खुपसून फुंकर मारली आणि ते फुगलं, दुप्पट-तिप्पट झालं, सोडलं तसं हलकेच बसलं. हे किती स्वच्छ असतं, हेच मला आधी कळलं. बाईंनी सांगितलं की आत द्राक्षाच्या घडांसारखे बारीक बारीक फुगे आहेत, त्यांच्या भिंती इतक्या पातळ की हवा पलीकडच्या रक्तात उतरते आणि रक्तातली घाण हवेत येते. हे चोवीस तास चालतं, आपल्याला कळतही नाही.

मी हात वर करून विचारलं, की बाई, गूळ खाल्ला तर तो यात कुठून येतो? वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते फुफ्फुस उलटं केलं आणि दोन नळ्या दाखवल्या. पुढची कडक, कड्याकड्यांची, ती हवेची. तिच्या मागे चिकटलेली मऊ, चपटी, ती अन्नाची. घशात एक झाकण असतं, गिळताना ते पुढच्या नळीवर पडतं. गूळ, भाकर, पाणी, काही असो, मागच्या नळीने पोटात जातं. पुढच्या नळीत चुकून एक शीत गेलं तरी आपण ठसकून बेजार होतो. "फुफ्फुसात गूळ कधीच पोचत नाही," बाई म्हणाल्या. "पोचला तर माणूस मरेल."

मला रडू फुटलं, आणि ते सुखाचं होतं, हे कबूल करायला मला लाज वाटते. मी नानांचं औषध खाल्लं नव्हतं. ते औषधच नव्हतं. वर्षभर उरावर असलेला धोंडा बाजूला झाला आणि मी घरी जवळजवळ पळत गेले. ओट्यावर नाना बसले होते, पुढे फुलीचं ताट, पाठ भिंतीला, खांदे वर ओढून श्वास घेत. त्यांना बघताच माझ्या सुखाची माझी मलाच घाण वाटली. गूळ औषध नव्हता, म्हणजे एवढी वर्षं त्यांच्याजवळ काहीच औषध नव्हतं.

या वयाला जे कळतं ते तेव्हा ना मला ठाऊक होतं ना वस्तीतल्या डॉक्टरांना. जी धूळ डोळ्यांना दिसते ती एवढी वाईट नव्हे. नाकातले केस, नळीतला चिकटा आणि त्यावरची बारीक लव तिला वर ढकलत आणतात आणि आपण ती खाकरून टाकतो. डालड्याच्या डब्यात पडायची ती तीच. दिसत नाही इतकी बारीक वाळू मात्र थेट त्या फुग्यांपर्यंत उतरते. तिथल्या राखणदार पेशी तिला गिळतात. जंतू असता तर पचवला असता, वाळू कोण पचवणार? त्या स्वतः मरतात, वाळू मोकळी होते, दुसऱ्या पेशी गिळतात, त्याही मरतात. मेलेल्या जागी वण पडतो, वणावर वण, आणि फुगायची ती जागा तळपायाच्या घट्ट्यासारखी कडक होऊन बसते. काम सोडलं तरी ते वाढत राहतं. वरवर पाहिलं तर फोटोत ते क्षयासारखंच दिसतं. अशा माणसाला खरा क्षयही लवकर होतो, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

वर्षभर गोळ्या खाऊन उतार पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी नानांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आई घरात तापलेल्या बाळूपाशी बसलेली, म्हणून बरोबर मी गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस थुंकी तपासून घेतली. तिन्ही वेळा जंतू मिळाला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं, फोटो दिव्यावर लावला आणि त्यांना काही तो उलगडेना. काम काय, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "कंपनीत." त्यांनी कंपनी असं लिहिलं. आणखी सहा महिने गोळ्या चालू ठेवू म्हणाल्या, आणि खाणंपिणं नीट ठेवा, शेंगदाणे-गूळ खा.

माझा तोल गेला. मोठ्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, गूळ नका सांगू. गूळ कंपनीच देते रोज. तो फुफ्फुसात जात नाही, मागच्या नळीने जातो.

बाईंनी पेन खाली ठेवला. "कंपनी गूळ कशाला देते?" त्यांनी नानांना विचारलं.

"धूळ असती ना," नाना म्हणाले. थोड्या अभिमानानेच म्हणाले, कंपनी काळजी घेते म्हणून. "वाळूची. लई बारीक. गुळानं धुऊन निघती."

मग त्यांनी सगळं विचारलं. किती वर्षं, शेडला खिडक्या किती, तोंडाला काय बांधता, खात्यातले आणखी कोण खोकतात. नानांनी बोटं मोजत पाच नावं सांगितली आणि त्यातले दोघे गेल्याचंही सांगितलं, सहज, बदली झाल्यासारखं. बाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, वरच्या बाजूला दोन्हीकडे पसरलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्या रागावल्या होत्या, कुणावर ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणाल्या, हा क्षय नाही. ही वाळू आहे. ती आता निघणार नाही. काम आजच्या आज सोडा, नाहीतर आहे तेवढाही श्वास राहणार नाही. आणि वर्षभराची ती औषधं फुकट गेली.

मी रडायच्या बेतात होते. नाना मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते.

"म्हंजी," ते म्हणाले, "ह्ये दुसऱ्याला लागत न्हाई?"

"वाळू कशी लागेल, काका?"

"पोराबाळांला न्हाई लागत?"

"कुणालाच नाही."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. किती दिवस जगेन हेही नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि हात जोडले. फाटकाबाहेर आलो तेव्हा ते माझ्यापुढे चालत होते, आणि हे मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते. भिंतीला लागून एक चहाची टपरी होती. नाना बाकावर बसले, मला शेजारी बसवलं, चिकटून, आणि एकच चहा सांगितला. आम्ही दोघं आणि चहा एक, याचं मला नवल वाटलं.

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारायला त्यांना दम नव्हता म्हणून नुसता हलवला, आणि दोन घोट प्यायले. मग कपातला उरलेला सगळा चहा त्याच बशीत ओतून बशी माझ्यासमोर धरली. "घे सुमे," ते म्हणाले. "बाई म्हनल्या न्हवं, लागत न्हाई."

मी बशी दोन्ही हातांनी घेतली. मला दोन नळ्या माहीत होत्या, झाकण माहीत होतं, वाळू कुणाला लागत नाही हे मी आत्ताच कानांनी ऐकलं होतं. तरी बशीच्या काठावर त्यांच्या ओठांची ओल होती आणि त्या ओलीत एक बारीकशी करडी रेघ होती. मी बशी फिरवली. त्यांचं तोंड न लागलेली बाजू शोधली. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हळू फिरवली, असं मला वाटलं.

नाना बघत होते. त्यांनी माझ्या हातातून बशी काढून घेतली, ओढून नव्हे, अलगद. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "गार झालाय ह्यो," आणि टपरीवाल्याला सांगितलं, की पोरीला दुसऱ्या कपात ताजा दे.

बशीतल्या चहातून वाफ निघत होती.